रूपसिंग स्टेडियम: नाव हॉकीचं, कीर्ती क्रिकेटची आणि मांडवाचा प्रश्न

मूळच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या, आता पुण्यात स्थायिक झालेल्या एका मराठी घरातून तीन प्रश्न आले आहेत. कॅप्टन रूपसिंग स्टेडियम मुळात हॉकीचं होतं असं घरातली जुनी माणसं सांगतात, मग सचिनचं द्विशतक तिथं कसं झालं? शंकरपूरला नवं स्टेडियम उभं राहिलं, आता जुन्याला काम काय उरलं? आणि तिसरा, जरा डिवचणारा: एवढी मोठी जागा वर्षभर रिकामी ठेवण्यापेक्षा लग्नांना, सभांना भाड्यानं दिली तर काय बिघडतं?

तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. बरंच बिघडतं, आणि कुठल्या महिन्यात किती बिघडतं तेही सांगता येतं. पण ते पटायला आधीच्या दोन प्रश्नांतून जावं लागेल. माझं शिक्षण इथल्याच लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेतलं आणि पुढची सगळी नोकरी ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या मैदानांवर, खेळपट्ट्या आणि गवत सांभाळण्यात गेली. त्यामुळे माझं बोलणं गॅलरीपेक्षा मातीबद्दल जास्त असणार, हे गृहीत धरा.

रूपसिंग म्हटलं की लोक म्हणतात, ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. ओळख खरी आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर त्यांच्यावर अन्याय होतो. त्यांचा जन्म जबलपूरचा, १९०८ सालचा. ध्यानचंद आघाडीच्या मधोमध खेळायचे आणि रूपसिंग त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे इनसाइड लेफ्टला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला हॉकीत तीनच संघ आले होते: भारत, जपान आणि यजमान अमेरिका. भारतानं जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असं हरवलं. त्या चोवीसांतले १० गोल एकट्या रूपसिंगांचे आणि ८ ध्यानचंदांचे. एकाच घरातल्या दोन भावांनी एका सामन्यात अठरा गोल केले! संघच तीन असल्यामुळे एवढा मार खाऊनही अमेरिकेला ब्राँझ मिळालं, ही त्यातली गंमत. चार वर्षांनी बर्लिनला अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ नमवणाऱ्या संघातही रूपसिंग होते.

ते आपले कसे झाले, तर शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाच्या फौजेमुळे. नावामागचं 'कॅप्टन' तिथलंच. पुढचं आयुष्य त्यांनी इथं काढलं आणि १६ डिसेंबर १९७७ ला इथंच त्यांचं निधन झालं. ध्यानचंद झाशीचे आणि रूपसिंग ग्वाल्हेरचे, मध्ये शंभरेक किलोमीटरचं अंतर. पण मानमरातबातलं अंतर यापेक्षा पुष्कळ मोठं आहे. थोरल्या भावाच्या वाढदिवशी देश क्रीडा दिन पाळतो, दिल्लीचं राष्ट्रीय स्टेडियम त्यांच्या नावाचं आहे, खेलरत्न पुरस्कारही आता त्यांच्याच नावानं दिला जातो. धाकट्याच्या वाट्याला मुख्यतः हे एक मैदान आलं, आणि त्यावरही पुढे क्रिकेट आलं.

आता हॉकीचं मैदान क्रिकेटचं कसं झालं ते. घरातली जुनी माणसं बरोबर सांगतात, ते हॉकीचंच स्टेडियम होतं. ऐंशीच्या दशकात ते क्रिकेटकडे गेलं आणि २२ जानेवारी १९८८ ला भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात तिथला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला. पुष्कळांना यात कुणाचं तरी कारस्थान दिसतं. माझ्या मते दोन लाटा एकाच वेळी आल्या. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि तिथून पुढे मोठ्या स्पर्धांसाठी गवताच्या मैदानाची किंमत उतरत गेली. गवतावर घोटलेलं चेंडूवरचं नियंत्रण टर्फच्या वेगापुढे अपुरं पडू लागलं, आणि टर्फ घालायचं तर खर्च अवाढव्य, वर रोजचं पाणी वेगळं. दुसरीकडे १९८३ चा विश्वचषक आल्यावर प्रत्येक शहराला आपल्याकडे एक तरी आंतरराष्ट्रीय सामना हवा होता. गवताचं एक बांधलेलं, प्रेक्षकांना बसायची सोय असलेलं स्टेडियम शहरात आयतं होतं. पुढचं ओघानंच झालं.

यातली एक तांत्रिक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. क्रिकेटला मधल्या खेळपट्टीपासून चहूकडे साठ-सत्तर मीटर तरी मोकळी जागा लागते. म्हणजे हॉकीचं मैदान क्रिकेटच्या वर्तुळात सहज मावतं, मग दोन्ही खेळ का नाही चालत? अडचण आहे ती मधल्या चौकोनाची, ज्याला आम्ही स्क्वेअर म्हणतो. तिथं चिकणमातीचे थर पसरून, पाणी देऊन, रोलर फिरवून तीन-तीन मीटर रुंदीच्या खेळपट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. ती जमीन फरशीसारखी टणक होते आणि तिच्या कडेला लागून मऊ गवत सुरू होतं. हॉकीचा चेंडू या सांध्यावर आला की एकतर उसळतो नाहीतर मरतो. स्टिकच्या फटक्यांनी आणि घसरणाऱ्या पायांनी खेळपट्टीची जी नासाडी होते ती वेगळीच. त्यामुळे ज्या दिवशी स्क्वेअर घातला, त्या दिवशी त्या मैदानावरची पूर्ण आकाराची हॉकी संपली. पाटी बदलली नाही, जमीन बदलली.

ग्वाल्हेरची हॉकी मात्र संपली नाही, ती दुसरीकडे गेली. सिंधिया सुवर्णचषकासारखी स्पर्धा शहराच्या ओळखीची आहे, रेल्वेचं हॉकी स्टेडियम आहे, आणि २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी इथंच चालते. आज ग्वाल्हेरची हॉकी बघायची तर त्या मुलींचा सराव बघावा, रूपसिंगला जाऊ नये.

क्रिकेटच्या बाबतीत या मैदानाचं नशीब जोरावर होतं हे मान्य करावं लागेल. माधवराव शिंदे १९९० ते ९३ क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. वर्णभेदामुळे बाहेर टाकलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ १९९१ च्या नोव्हेंबरात परत आला, तेव्हा कलकत्त्यानंतरचा दुसराच सामना, १२ नोव्हेंबरला, ग्वाल्हेरला झाला. मार्च १९९३ मध्ये इंग्लंड इथं लागोपाठ दोन दिवस खेळलं, ४ आणि ५ तारखेला, आणि दोन्ही हरलं. पहिल्यात सिद्धू नाबाद १३४. घरचा माणूस अध्यक्ष असल्याचा लाभ झाला असं बाहेरचे म्हणायचे. म्हणोत बापडे. १९९६ च्या विश्वचषकात २१ फेब्रुवारीला भारतानं वेस्ट इंडीजला इथंच हरवलं. १९९९ च्या नोव्हेंबरात गांगुलीनं न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १५३ केल्या. आणि ज्याची आठवण कुणी मुद्दाम काढत नाही तो सामना २८ मे १९९८ चा. मेअखेरचं ग्वाल्हेरी ऊन, आणि केनियानं आपल्याला ६९ धावांनी हरवलं.

पण माझ्या धंद्याच्या दृष्टीनं या मैदानावरची सगळ्यात महत्त्वाची घटना यांपैकी एकही नाही. ती आहे १९९६-९७ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध दिल्ली, एप्रिल १९९७. पाच दिवसांचा सामना पांढऱ्या चेंडूनं, प्रकाशझोतात. भारतात प्रथम श्रेणीचा सामना पहिल्यांदा दिवसरात्र झाला तो इथं. गुलाबी चेंडूनं पहिली कसोटी ॲडलेडला २०१५ मध्ये झाली. ग्वाल्हेर त्याच्या अठरा वर्षं आधी. मुंबई पहिल्या डावातल्या आघाडीवर जिंकली, पण तो भाग गौण. प्रयोगानं जे दाखवून दिलं ते असं की पांढरा चेंडू लांब डावांसाठी बनलेलाच नाही. त्याचा रंग लवकर मळतो, शिवण सपाट होते आणि तीस-चाळीस षटकांनी दिव्यांखाली तो मातकट दिसू लागतो. पन्नास षटकांत हे खपून जातं, पाच दिवसांत खपत नाही. शिवाय रात्रीच्या खेळाला खेळपट्टीवर पाणी कधी आणि किती द्यायचं याचं गणितच उलटतं. दिवसाच्या सामन्यात ऊन तुमच्या बाजूनं काम करतं, सकाळचा ओलावा दुपारपर्यंत ओढून घेतं. रात्रीच्या सामन्यात दुपारी उन्हानं कोरडी झालेली खेळपट्टी संध्याकाळनंतर थंडावते, आणि हिवाळ्यात वरून दव पडतं. दिव्यांच्या क्रिकेटबद्दल आज जे सगळे बोलतात त्यातलं बरंचसं त्या पाच रात्रींत इथं घडून गेलं होतं. गावातल्या गावात विचारा, दहातल्या नवांना हा सामना माहीत नसतो.

दहातल्या दहांना माहीत असतो तो २४ फेब्रुवारी २०१०. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन १४७ चेंडूंत नाबाद २००, पंचवीस चौकार आणि तीन षटकार, भारत ३ बाद ४०१. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातलं ते पहिलं द्विशतक. 'पुरुषांच्या' हा शब्द गाळू नका, कारण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं डिसेंबर १९९७ मध्येच नाबाद २२९ केल्या होत्या, आणि त्याही मुंबईत. शेवटच्या काही षटकांत धोनी सुटला होता, ३५ चेंडूंत नाबाद ६८, आणि सचिन दुसऱ्या टोकाला उभा. लोक धोनीच्या षटकारांवर गप्प बसायचे, एवढं सांगितलं की पुरे. अखेर शेवटच्या षटकात लँगवेल्टच्या तिसऱ्या चेंडूवर पॉइंटकडे एकेरी धाव निघाली.

त्या दिवशीची खेळपट्टी माझ्या हातची नाही, पण तिच्याबद्दल मत देता येईल. इथल्या सीमारेषा तशा जवळ, आणि फेब्रुवारीअखेर आउटफील्ड, म्हणजे स्क्वेअरबाहेरचं गवताचं मैदान, कोरडं, वेगवान असतं. हिवाळ्यात हरळी वाढत नाही, त्यामुळे चेंडूला अडवणारं लुसलुशीत पातं नसतं. फटका क्षेत्ररक्षकाच्या डावी-उजवीकडून सुटला की तो चौकार. पंचवीस चौकारांत मनगटाइतकाच वाटा त्या कोरड्या गवताचाही. सचिनचं आणि या मैदानाचं आधीपासून जमायचंच म्हणा: १९९६ ला ७०, २००३ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १००, २००७ ला पाकिस्तानविरुद्ध ९७.

गंमत अशी की त्या विक्रमानंतर इथं आंतरराष्ट्रीय सामनाच झाला नाही. अठरा हजारांच्या आसपास प्रेक्षकांची सोय आणि चहूकडून शहराची वस्ती. आजच्या प्रसारणाला, वाहनतळाला, सुरक्षेला लागते तेवढी जागा शहराच्या पोटात आणायची कुठून? म्हणून शंकरपूर. श्रीमंत माधवराव शिंदे यांच्या नावाचं ते स्टेडियम शहराबाहेर आहे, तीस हजारांचं, आणि ६ ऑक्टोबर २०२४ ला तिथं भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी झाली. चौदा वर्षांनी गावात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परतलं. बांगलादेश १२७, आणि भारतानं बाराव्या षटकातच सामना संपवला. म्हणजे आता ग्वाल्हेरला दोन स्मारक-स्टेडियमं आहेत, एक हॉकीपटूचं आणि एक क्रिकेटच्या कारभाऱ्याचं, आणि दोन्हीकडे खेळ क्रिकेटचाच.

मग जुन्याचं काम काय? याचं उत्तर मार्च २०२३ मध्ये मिळालं. ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी धरमशालेला व्हायची होती, पण तिथल्या आउटफील्डवर गवत पुरेसं दाट आलं नव्हतं. कसोटी इंदूरला गेली. इंदूरला त्याच तारखांना मध्य प्रदेश विरुद्ध शेष भारत हा इराणी करंडकाचा सामना ठरला होता. तो सरकला ग्वाल्हेरला, रूपसिंगवर. यशस्वी जयस्वालनं त्यात २१३ आणि १४४ केल्या. हिमाचलातल्या मैदानाचं गवत दाट झालं नाही म्हणून ग्वाल्हेरचं मैदान पाच दिवसांच्या सामन्याला उभं राहिलं, आणि राहू शकलं कारण त्याचा स्क्वेअर जिवंत होता. खेळपट्टी आठवड्यात तयार होते असं लोकांना वाटतं. ती तयार करायला आठवडा-दहा दिवस लागतात हे खरं, पण ज्या मातीवर ती करायची ती वर्षानुवर्षं पाणी आणि रोलर खाऊन बसलेली असावी लागते.

ती बसली आहे की नाही हे बघायची आमची रीत साधी. सकाळी स्कूटरची किल्ली खेळपट्टीत दाबायची. टोक सहज आत गेलं तर आज रोलर नको, माती चाकाला चिकटेल. जरा जोर लावून नखभर गेलं तर हीच वेळ. अजिबात गेलं नाही तर उशीर झाला, आता फक्त वरचा थर चुरा होईल. मग चेंडू हातभर उंचीवरून टाकून आवाज ऐकायचा; टणक 'टक्' आला तर खालचे थर एकमेकांना धरून आहेत, भदभद आला तर मध्ये कुठेतरी पोकळी आहे आणि त्या जागी चेंडू खाली राहणार. पत्रकारांना हे सांगितलं की ते हसतात. यंत्रं आता आली आहेत, वापरावीतच, पण किल्ली खिशात असते.

अशा मैदानाचं रोजचं काम म्हणजे शाळांचे आणि विभागाचे सामने, लीग, वयोगटांच्या निवडी. चौदा वर्षांखालच्या मुलाला खऱ्या मातीच्या चांगल्या खेळपट्टीवर पहिल्यांदा खेळायला मिळतं ते अशाच ठिकाणी. तोवर तो मॅटिंगवर, म्हणजे अंथरलेल्या चटईवर, खेळलेला असतो, आणि उसळी मॅटिंगवर सारखी असते. खऱ्या मातीवर पहिला चेंडू खाली राहून पायावर बसला की त्याचं शिक्षण सुरू होतं. शंकरपूरला बारा-तेरा वर्षांचं पोरगं रोज एकटं जाऊ शकत नाही. शहरातल्या मैदानावर सायकलनं जातं. मला विचाराल तर रूपसिंगचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

आता मांडव. इथल्या आउटफील्डचं गवत म्हणजे हरळी, हिंदीत दूब. ती मार्चअखेर जागी होते, पावसाळ्यात झपाट्यानं पसरते आणि नोव्हेंबरनंतर, रात्री थंडावू लागल्या की, झोपते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत पारा कधी कधी तीन-चार अंशांवर जातो. तेव्हा हरळी मेलेली नसते, पण वाढतही नाही. आणि आपले लग्नाचे मुहूर्त कधी? तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबर-डिसेंबर, मग जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. म्हणजे ज्या काळात गवताला झालेली जखम भरूनच येत नाही नेमका तोच काळ. जुलैत मांडव घातला तर महिन्याभरात खुणा बुजतील. डिसेंबरात घातला तर मार्चपर्यंत उघडी माती, आणि सामन्यांचा हंगामही ऑक्टोबर ते मार्चच.

खांबांचे खड्डे लोकांना दिसतात, आणि ते बुजवता येतात. खरं नुकसान ट्रकचं. जनरेटर, भांडी, खुर्च्या घेऊन आलेला ट्रक ओल्या मैदानावरून एकदा गेला की चाकाखालची माती अर्धा फूट दाबली जाते, हवा-पाणी आत जात नाही. वरून सगळं हिरवं दिसतं आणि पुढच्या पावसात बरोबर दोन समांतर पट्ट्यांत पाणी साचतं. मग लोखंडी काट्यांनी भोकं पाडा, वाळू भरा, वाट बघा. दुसरा शत्रू खिळा. कनातीचे, गालिचाचे खिळे गवतात राहतात. एका मैदानावर अशा कार्यक्रमानंतर आम्ही दोरीला बांधलेलं लोहचुंबक रांगेरांगेनं ओढत फिरलो होतो. तासाभरात अर्धी बादली भरली. त्याच गवतावर दुसऱ्या दिवशी सूर मारून चेंडू अडवायला पोरं येणार होती. तिसरी गोष्ट उकळतं तेल. जिथं कढई ओतली जाते तिथली माती खरवडून बदलण्यावाचून उपाय नाही.

सभा-समारंभांना जागा लागते हे मलाही कळतं. पण या गावाकडे त्यासाठी स्वतंत्र मेळा मैदान आहे. १९०५ मध्ये थोरल्या माधवराव महाराजांनी व्यापार मेळा सुरू केला तेव्हापासूनची ती परंपरा. उत्पन्नासाठी स्टेडियम द्यायचंच असेल तर गॅलरीखालच्या खोल्या आणि बाहेरचं आवार द्यावं. दोरीच्या आत ट्रक नाही, चूल नाही, खिळा नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च काहीच नाही. अनामत रक्कम भाड्याइतकी नको, आउटफील्डचा तो भाग नव्यानं लावायच्या खर्चाइतकी हवी. एवढ्या अटी घातल्या की विचारणारे आपोआप मेळा मैदानाकडे जातात.

राहता राहिले रूपसिंग. पूर्ण हॉकी तिथं परत येणार नाही, हे वर सांगितलंच. पण पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीला साधारण ४० ते ५५ मीटर लांब आणि २८ ते ४२ मीटर रुंद एवढीच जागा लागते, आणि ती स्क्वेअरला हात न लावता एका बाजूच्या आउटफील्डवर मावते. ८ सप्टेंबर हा रूपसिंगांचा जन्मदिवस. तेव्हा हरळी सगळ्यात जोमात असते, क्रिकेटचा हंगाम सुरू व्हायला अजून महिनाभर असतो, आणि झीज आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते. पाऊस उघडीप देईल ते दोन दिवस धरून शाळांच्या मुलामुलींची स्पर्धा तिथं सहज घेता येईल. मशीनची पाती एक-दोन खाचा खाली घेऊन गवत आदल्या दिवशी आखूड कापावं लागेल, चुन्याच्या रेघा माराव्या लागतील आणि स्क्वेअरभोवती दोरी बांधावी लागेल. चार माणसांचं सकाळचं काम आहे.